सौर पॅनेल आणि बॅटरीची यंत्रणा: बसवावी कशी, सांभाळावी कशी

सौर यंत्रणा म्हटली की डोळ्यांसमोर छतावरची काळसर पॅनेल उभी राहतात आणि नवखा माणूस पहिली चौकशीही त्यांचीच करतो. वास्तविक पॅनेल हा या यंत्रणेतला सर्वांत सोशिक भाग आहे. ऊन, पाऊस आणि वारा सोसत ते पंचवीस वर्षांहून अधिक काळ काम करते आणि त्याची क्षमता वर्षाला साधारण अर्ध्या टक्क्याने घटते. बॅटरीचे तसे नाही. हिशोब चुकला, जोडणी सैल राहिली किंवा खोली जास्त तापली, तर दहा वर्षे टिकू शकणारी बॅटरी दोन-तीन वर्षांतच निकामी होते. म्हणून या लेखातल्या बहुतेक पायऱ्यांमध्ये बॅटरीवर ताण कमी कसा पडेल, हाच विचार पुढे ठेवला आहे. पॅनेल त्या ओघात आपोआप योग्य जागी येते.

सुरुवातीलाच एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. वीजवाहिनीला जोडलेली पण बॅटरी नसलेली सौर यंत्रणा वीज गेल्यावर बंद पडते, मग बाहेर कितीही ऊन असो. वाहिनीवर दुरुस्ती करणाऱ्या माणसाला आपल्या छतावरून आलेल्या विजेचा धक्का बसू नये, यासाठी पॅनेलच्या डीसी विजेची घरगुती एसी वीज करणारा इन्व्हर्टर स्वतःहून बाजूला होतो आणि ते योग्यच आहे. वीज नसताना दिवे लागायला हवे असतील, तर स्वतंत्र म्हणजे ऑफ-ग्रिड यंत्रणा तरी हवी किंवा बॅटरीसह चालणारा हायब्रिड इन्व्हर्टर तरी. पुढील मजकूर या दोन प्रकारांविषयी आहे.

पहिली पायरी: वहीतला हिशोब

एकही वस्तू घेण्यापूर्वी घरातल्या ज्या उपकरणांना या यंत्रणेवर चालवायचे आहे, त्यांची यादी करावी. प्रत्येकाचे वॅट आणि दिवसातले वापराचे तास लिहून त्यांचा गुणाकार करावा, म्हणजे वॅट-तास मिळतात. १,००० वॅट-तास म्हणजे आपल्या परिचयाचे एक युनिट.

एक उदाहरण घेऊ. ९ वॅटचे सहा एलईडी दिवे पाच तास लागले तर २७० वॅट-तास होतात. ३० वॅटचे तीन बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या ब्रशविरहित मोटरचे) पंखे आठ तास चालले तर ७२० होतात. १० वॅटचा राउटर चोवीस तास चालू राहतो, त्याचे २४० होतात. ६० वॅटचा लॅपटॉप चार तास वापरला तर आणखी २४०. फ्रिज अखंड चालत नाही, त्याचा कॉम्प्रेसर थांबून थांबून सुरू होतो, त्यामुळे त्याचा दिवसाचा खप मीटर लावून मोजणेच चांगले. तो इथे १,२०० धरू. बेरीज २,६७० झाली. नवखे लोक इथे थांबतात आणि एक मोठा ग्राहक विसरतात, तो म्हणजे स्वतः इन्व्हर्टर. काहीही जोडलेले नसताना तो २५ वॅट घेत असेल, तर चोवीस तासांत ६०० वॅट-तास त्याच्याच पोटात जातात. एकूण ३,२७० झाले.

ही वही भरताना जुना पंखा ७५ वॅट घेतो आणि बीएलडीसी पंखा त्याच्या निम्म्याहूनही कमी, हे लक्षात येते. माझ्या मते खप कमी करणारे उपकरण घेणे हे नेहमीच जादा बॅटरी घेण्यापेक्षा शहाणपणाचे आहे, कारण न वापरलेल्या विजेला पॅनेलही लागत नाही, बॅटरीही नाही आणि देखभालही नाही. पाणी तापवणे, इस्त्री, विजेची शेगडी ही उष्णतेची कामे शक्यतो बॅटरीवर घेऊ नयेत. घ्यावीच लागली, तर भर दुपारी, ऊन पॅनेलवर असताना घ्यावीत.

दुसरी पायरी: बॅटरी

आज प्रत्यक्षात दोन पर्याय आहेत. पहिला लेड-ॲसिड, त्यातही ट्यूब्युलर प्रकारची, आणि दुसरा लिथियम आयर्न फॉस्फेट. बॅटरीवर छापलेली क्षमता आणि तिच्यातून रोज काढता येणारी क्षमता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लेड-ॲसिड बॅटरी रोज निम्म्याखाली उतरवली, तर तिचे आयुष्य झपाट्याने घटते. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी ८० टक्क्यांपर्यंत बिनदिक्कत वापरता येते.

आपल्या ३,२७० वॅट-तासांना हे लावून पाहू. लेड-ॲसिड घ्यायची तर दुप्पट, म्हणजे सुमारे ६,५४० वॅट-तासांची बॅटरी हवी. १२ व्होल्टच्या १५० अँपिअर-तासांच्या चार बॅटऱ्या एकसरीत, म्हणजे एकामागून एक मालिकेत, जोडल्या की ७,२०० वॅट-तास होतात (व्होल्ट गुणिले अँपिअर-तास म्हणजे वॅट-तास) आणि काम भागते. लिथियमची ५१.२ व्होल्ट आणि १०० अँपिअर-तासांची एकच बॅटरी ५,१२० वॅट-तासांची असते, तिचे ८० टक्के ४,०९६ होतात आणि तेवढेही पुरतात. हा एका दिवसाचा साठा झाला. ढगाळ हवामान सलग राहत असेल आणि दुसरा कोणताही आधार नसेल, तर दोन दिवसांचा साठा धरावा.

लेड-ॲसिडमध्ये पाणी घालावे लागते, चार्जिंगच्या वेळी तिच्यातून हायड्रोजन निघतो, आणि अर्धवट चार्ज अवस्थेत ती आठवडेच्या आठवडे राहिली, तर तिच्या प्लेटांवर सल्फेटचे कठीण थर बसतात, जे नंतर निघत नाहीत. लिथियम बॅटरीला या तिन्ही तक्रारी नाहीत. मात्र शून्य अंश सेल्सिअसच्या खाली ती चार्ज करता येत नाही. केल्यास आत धातुरूप लिथियम साचून सेल कायमचा बिघडतो. तिच्यातली बीएमएस ही संरक्षक यंत्रणा सेलचे व्होल्टेज, प्रवाह आणि तापमान पाहत असते. ती नसलेली लिथियम बॅटरी घरात आणू नये, असे मी स्पष्टपणे सांगेन.

बॅटरी बँकचे, म्हणजे एकत्र जोडलेल्या बॅटऱ्यांच्या संचाचे, व्होल्टेजही याच टप्प्यावर ठरवावे. २,००० वॅट १२ व्होल्टवर घेताना सुमारे १६७ अँपिअर प्रवाह वाहतो, ४८ व्होल्टवर तोच ४२ अँपिअर होतो. प्रवाह चौपट झाला की त्याच तारेतली उष्णतेची हानी सोळापट होते. त्यामुळे एखादी खोली किंवा वाहन यांपुरते १२ व्होल्ट ठीक आहे, पण संपूर्ण घरासाठी ४८ व्होल्टच घ्यावेत.

तिसरी पायरी: पॅनेल आणि कंट्रोलर

पॅनेलवर छापलेले वॅट हे प्रयोगशाळेतले असतात. दर चौरस मीटरवर १,००० वॅट प्रकाश आणि सेलचे तापमान २५ अंश, अशा स्थितीत ते मोजलेले असतात. छतावर उन्हात पॅनेलचा सेल ६० अंशांच्या पुढे सहज जातो आणि प्रत्येक जादा अंशामागे सुमारे ०.३५ टक्के शक्ती घटते. धूळ, तार, कंट्रोलर (पॅनेलची वीज बॅटरीला योग्य व्होल्टेजने देणारे यंत्र) आणि बॅटरी यांतली गळती धरली, तर छापील आकड्याच्या ७० टक्के हाती येतील असे मानून चालावे. आपल्या उदाहरणात ३,२७० भागिले ०.७० म्हणजे सुमारे ४,६७० वॅट-तास पॅनेलने तयार करायला हवेत. वर्षातल्या सर्वांत मंद महिन्यात पूर्ण प्रखरतेचे ऊन दिवसाला साडेतीन तासांइतकेच मिळत असेल, तर १,३३५ वॅटची पॅनेल लागतील. ५४० वॅटची तीन पॅनेल, म्हणजे १,६२० वॅट, घेतली की थोडी सवड राहते. हिशोब सर्वांत मंद महिन्याचाच करावा. वर्षाची सरासरी धरून बसवलेल्या यंत्रणेत बॅटरी त्या महिन्यात रोज अर्धपोटी राहते आणि लेड-ॲसिड असेल तर त्यातच मरते.

कंट्रोलर दोन प्रकारचे असतात. पीडब्ल्यूएम कंट्रोलर पॅनेलचे व्होल्टेज बॅटरीच्या पातळीवर ओढून आणतो, त्यामुळे ४१ व्होल्टवर काम करणारे पॅनेल १२ व्होल्टच्या बॅटरीला जोडले, तर दोन तृतीयांश शक्ती वाया जाते. एमपीपीटी कंट्रोलर जादा व्होल्टेजचे रूपांतर जादा प्रवाहात करतो. मोठ्या पॅनेलांसाठी दुसरा पर्याय नाही.

आता अशी एक चूक सांगतो, जी कागदावर दिसत नाही आणि थंडीच्या पहाटे उघड होते. ५४० वॅटच्या पॅनेलचे खुल्या परिपथातले, म्हणजे काहीही जोडलेले नसतानाचे, व्होल्टेज साधारण ४९.५ असते. तीन पॅनेल एकसरीत जोडली की १४८.५ व्होल्ट होतात. कंट्रोलरवर कमाल १५० व्होल्ट लिहिलेले आहे, म्हणजे बसले, असे वाटते. परंतु पॅनेल थंड झाले की त्याचे व्होल्टेज वाढते, अंशामागे सुमारे ०.२८ टक्के. तापमान ५ अंशांवर आले, तर तीच मालिका १५७ व्होल्टपर्यंत पोहोचते आणि सूर्याच्या पहिल्या किरणांबरोबर कंट्रोलर जळतो. म्हणून आपल्या भागातले नोंदले गेलेले सर्वांत कमी तापमान धरून हा आकडा काढावा आणि वर आणखी थोडी मोकळीक ठेवावी. इथे २५० व्होल्टचा कंट्रोलर हवा. हायब्रिड इन्व्हर्टर घेत असाल, तर त्याची किमान व्होल्टेजची अटही तपासावी, कारण काही इन्व्हर्टर कमी व्होल्टेजच्या मालिकेवर सुरूच होत नाहीत. प्रवाहाच्या बाजूने १,६२० भागिले ४८ म्हणजे जवळपास ३४ अँपिअर होतात, तेव्हा ४० अँपिअरचा कंट्रोलर पुरतो. मात्र १५० अँपिअर-तासांच्या लेड-ॲसिड बँकसाठी चार्जिंगची मर्यादा ३० अँपिअरच्या आत लावावी.

इन्व्हर्टर शुद्ध साइन वेव्हचाच, म्हणजे वाहिनीसारखी गुळगुळीत लहर देणारा, असावा. फ्रिज, पंप यांसारखी मोटरची उपकरणे सुरू होताना क्षणभर आपल्या नेहमीच्या शक्तीच्या कितीतरी पट प्रवाह ओढतात, त्यामुळे इन्व्हर्टरची क्षणिक क्षमता किती आहे, हे त्याच्या माहितीपत्रकात पाहावे.

चौथी पायरी: छतावर

सकाळी नऊ ते दुपारी तीन या वेळात जिथे सावली पडत नाही, ती जागा शोधावी आणि ती एका दिवसाच्या पाहणीवर ठरवू नये, कारण सूर्य खाली असलेल्या ऋतूत सावल्या लांबतात. सावलीचे गणित क्रूर आहे. पॅनेलमधले सेल मालिकेत असतात आणि त्यांच्या गटांना बायपास डायोड (अडलेल्या गटाला वगळून प्रवाह पुढे नेणारे भाग) असतात, बहुधा तीन. एका सेलवर पाण्याच्या टाकीची सावली पडली, तरी पॅनेलचा एक तृतीयांश भाग गळू शकतो.

उत्तर गोलार्धात पॅनेलचे तोंड दक्षिणेकडे आणि दक्षिण गोलार्धात उत्तरेकडे असावे. कलता कोन साधारणपणे त्या ठिकाणच्या अक्षांशाइतका ठेवावा. विषुववृत्ताजवळही तो १० अंशांपेक्षा कमी करू नये, नाहीतर पावसाचे पाणी खालच्या कडेला थबकते आणि तिथे मळाची पट्टी बसते. पॅनेल छताला चिकटवू नये. खालून हवा खेळण्यासाठी १० ते १५ सेंटीमीटर जागा सोडावी. क्लॅम्प उत्पादकाने सांगितलेल्या जागीच बसवावेत. बसवताना पॅनेलवर पाय देऊ नये, कारण काच शाबूत दिसली तरी आतल्या सेलला डोळ्यांना न दिसणारे तडे जातात. छताला पाडलेले प्रत्येक छिद्र त्याच दिवशी जलरोधक करावे. छतावर काम करताना सुरक्षा दोर बांधलेला असावा आणि माणूस एकटा नसावा.

पाचवी पायरी: तारा आणि संरक्षण

मी पाहिलेल्या बिघाडांपैकी बहुतेक बिघाड सांध्यांत होते, यंत्रांत नव्हते. म्हणून या पायरीवर घाई करू नये.

तारेची जाडी दोन गोष्टींवर ठरते: ती किती प्रवाह न तापता वाहू शकते आणि तिच्या लांबीत किती व्होल्टेज गळते. ४ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेचा रोध किलोमीटरला सुमारे ५ ओहम असतो. पॅनेल २० मीटरवर असेल, तर जाऊन-येऊन ४० मीटर होतात आणि १० अँपिअरला २ व्होल्ट गळतात. १२० व्होल्टच्या मालिकेत हे दोन टक्क्यांहून कमी आहे, पण १२ व्होल्टच्या यंत्रणेत सहावा हिस्सा गेला. पॅनेलच्या बाजूला तीन टक्क्यांहून जास्त गळती होऊ देऊ नये. उन्हात राहणारी तार सौर कामासाठी बनवलेलीच असावी. घरगुती वायरचे आवरण उन्हाने तडकते.

डीसी प्रवाह एसीपेक्षा वेगळा वागतो, हे इथे समजून घ्यावे. ५० हर्ट्झचा एसी प्रवाह सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो, त्यामुळे स्विच उघडताना पेटलेली ठिणगी विझते. डीसी शून्यावर येतच नाही आणि ती ठिणगी जळत राहते. म्हणून डीसी बाजूला साधा एसी ब्रेकर लावणे म्हणजे आगीला जागा करून देणे आहे. डीसीचाच, योग्य व्होल्टेजचा ब्रेकर घ्यावा, आणि त्यावर धन-ऋण खुणा असतील, तर त्याप्रमाणेच जोडावा. याच कारणासाठी प्रवाह चालू असताना एमसी४ कनेक्टर, म्हणजे पॅनेलच्या तारा जोडणारे खटक्याचे सांधे, ओढून काढू नये. दोन वेगवेगळ्या उत्पादकांचे एमसी४ एकमेकांत बसले, तरी ते जोडू नयेत, कारण मापातल्या बारीक फरकाने संपर्क सैल राहतो आणि सांधा वितळतो.

बॅटरीच्या धन टोकाजवळ, शक्य तितक्या कमी अंतरावर, फ्यूज बसवावा. तो तारेचे रक्षण करतो, त्यामुळे त्याचा आकडा तारेच्या क्षमतेपेक्षा कमी आणि नेहमीच्या कमाल प्रवाहाच्या सव्वापट असावा. लिथियम बॅटरी शॉर्ट झाल्यास हजारो अँपिअर देऊ शकते, म्हणून तिथे मोठा प्रवाह तोडू शकणारा, टी वर्गाचा फ्यूज योग्य ठरतो. लग, म्हणजे तारेच्या टोकाला बसणाऱ्या धातूच्या कड्या, योग्य मापाचे असावेत आणि ते पक्कडीने न चेपता क्रिंपिंगच्या अवजारानेच दाबावेत. पॅनेलच्या चौकटी आणि सांगाडा यांना अर्थिंग करावे आणि पॅनेलकडून येणाऱ्या तारांवर सर्ज संरक्षक (विजेच्या अचानक उसळीपासून वाचवणारा) बसवावा. इन्व्हर्टर घराच्या वितरण फलकाला जोडण्याचे काम परवानाधारक वीजतंत्रज्ञाकडूनच करून घ्यावे.

सहावी पायरी: सुरू करणे

बॅटरीवर काम करताना अंगठी, घड्याळ, बांगड्या काढून ठेवाव्यात आणि पान्याच्या मुठीला इन्सुलेशन टेप गुंडाळावी. सर्व ब्रेकर बंद ठेवून मल्टिमीटरने प्रत्येक जोडणीचे धन-ऋण तपासावे. मग प्रथम बॅटरी कंट्रोलरला जोडावी, जेणेकरून तो आपले व्होल्टेज ओळखेल. त्याच्यात बॅटरीचा प्रकार निवडावा. लेड-ॲसिडचे इक्वलायझेशन, म्हणजे सर्व सेल सारखे करण्यासाठी मुद्दाम जादा व्होल्टेजने केलेले चार्जिंग, लिथियम बॅटरीला चुकूनही लागू नये. त्यानंतर पॅनेलचे व्होल्टेज मोजावे. ते अपेक्षित आकड्याच्या जवळ असेल, तरच पॅनेलचा ब्रेकर चालू करावा. इन्व्हर्टर सर्वांत शेवटी, उपकरणांशिवाय सुरू करावा आणि मग एकेक उपकरण जोडावे. बंद करताना क्रम उलटा असतो, म्हणजे बॅटरी सुटण्यापूर्वी पॅनेल सुटलेले असावे.

पूर्ण भार अर्धा तास चालवून प्रत्येक सांध्याचे तापमान इन्फ्रारेड तापमापकाने पाहावे. शेजारच्या सांध्यापेक्षा स्पष्टपणे गरम असलेला सांधा सैल आहे असे समजावे. आठवड्याने सर्व नट पुन्हा एकदा ठरलेल्या टॉर्कने आवळावेत, कारण तांबे दबून बसते.

देखभाल

पॅनेल पहाटे किंवा संध्याकाळी, काच थंड असताना मऊ फडक्याने आणि साध्या पाण्याने धुवावे. तापलेल्या काचेवर गार पाणी टाकू नये आणि कोरडी धूळ घासू नये. किती दिवसांनी धुवायचे, हे धुळीवर अवलंबून आहे, पण पक्ष्यांची विष्ठा मात्र दिसताक्षणी काढावी, कारण ती एका जागी सावली धरते आणि तो सेल तापून डागतो. त्याच फेरीत पॅनेलखाली उंदराने कुरतडलेल्या किंवा छतावर घासणाऱ्या तारा पाहाव्यात.

लेड-ॲसिड बॅटरीची पातळी महिन्यातून एकदा पाहावी. डिस्टिल्ड वॉटरच घालावे आणि ते बॅटरी पूर्ण चार्ज झाल्यावर घालावे, कारण चार्जिंगमध्ये द्रव फुगतो आणि आधी भरलेले पाणी आम्लासह बाहेर सांडते. प्लेटा उघड्या पडल्या असतील, तरच त्या बुडतील इतके आधी घालावे. ॲसिड कधीही घालू नये. हायड्रोमीटरने प्रत्येक सेलचे विशिष्ट गुरुत्व मोजावे. पूर्ण चार्ज सेल १.२६५ च्या आसपास असतो आणि एखादा सेल इतरांपेक्षा ०.०३० ने मागे राहत असेल, तर इक्वलायझेशनची वेळ झाली आहे. टोकांवर आलेली पांढरट-हिरवी बुरशी खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने पुसून वर पेट्रोलियम जेलीचा पातळ थर द्यावा. हे करताना हातमोजे आणि चष्मा हवाच. खोलीला वरच्या बाजूला हवा जाण्याची वाट असावी, कारण हवेत ४ टक्के हायड्रोजन झाला की ठिणगीने स्फोट होतो.

लिथियम बॅटरीला यातले काही लागत नाही, पण तिचे व्होल्टेज बराच काळ जवळपास सारखेच राहत असल्याने त्यावरून शिल्लक कळत नाही. त्यासाठी शंट (प्रवाह मोजण्यासाठी वापरला जाणारा अगदी कमी रोधाचा तुकडा) लावून प्रवाह मोजणारा मीटर बसवावा. घर काही महिने बंद राहणार असेल, तर लिथियम बॅटरी निम्म्या चार्जवर सोडून ठेवावी, तर लेड-ॲसिड पूर्ण चार्ज ठेवून पॅनेलला जोडलेलीच राहू द्यावी. दोन्हींना उष्णता मानवत नाही. लेड-ॲसिडचे तापमान कायम दहा अंशांनी जास्त राहिले, तर आयुष्य जवळपास निम्मे होते.

एक वही यंत्रणेजवळ टांगून ठेवावी आणि आठवड्यातून एकदा सकाळचे बॅटरी व्होल्टेज, त्या दिवशीचे उत्पादन आणि केलेले काम लिहावे. उत्पादन घटले, तर आधी पॅनेल धुऊन पाहावे, मग सावली, मग प्रत्येक मालिकेचे व्होल्टेज. एक पॅनेल गळालेले असेल, तर तेवढाच आकडा कमी दिसतो. उत्पादन नेहमीसारखे असून सकाळचे व्होल्टेज दर महिन्याला थोडे खाली येत असेल, तर एक तर घरात काहीतरी नवीन चालू राहते आहे किंवा बॅटरी म्हातारी होते आहे. रात्रभर सर्व उपकरणे बंद ठेवून सकाळी पुन्हा मोजले की दोन्हींतले कोणते, ते कळते. बॅटरीच दोषी ठरली, तर मालिकेतली एकच बदलू नये. जुन्या बॅटऱ्या नवीला आपल्या पातळीवर ओढतात, म्हणून संपूर्ण बँक एकदम बदलावी आणि जुन्या बॅटऱ्या पुनर्वापर करणाऱ्या अधिकृत संकलकाकडेच द्याव्यात.